पान्यावरची लायटिंग

कोणाचीही गाडी उभी दिसली की भाऊ तिच्या टायरला चपलेच्या टोकानं हलकीशी लाथ मारत. चारही टायरांना, एकेक करून, गाडीभोवती फिरत. गाडी ओळखीची असलीच पाहिजे असं काही नव्हतं. एकदा वीज केंद्राच्या गेटसमोर कोण्या बड्या साहेबांची पांढरी गाडी उभी होती. भाऊंनी तिला प्रदक्षिणा घातली तेव्हा ड्रायव्हर हातातला समोसा टाकून धावत आला.

"काय झालं?"

"मागचा डावा पाहून घेजो गा. हवा कमी वाटते."

ड्रायव्हरनं वाकून पाहिलं, दाबून पाहिलं. हवा ठणठणीत होती. भाऊंचा अंदाज बहुतेक वेळा चुकायचाच. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. "पाहिलेलं बरं असते," म्हणून ते पुढच्या गाडीकडे वळायचे.

"पहिले टायर पाहू" हे त्यांचं पालुपद होतं आणि ते गाड्यांपुरतं नव्हतं. कोणाच्या मुलाचं लग्न ठरत असो, कोणी फ्लॅट बुक करत असो, कोणी गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला निघालेला असो, भाऊंचा सल्ला एकच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. निघायच्या गोष्टी ती फार रंगवून करतात, आणि निघायची वेळ आली की नेमका त्यांचा पाय अडतो.

मी खापरखेड्याहून बदली होऊन कोराडीच्या वीज केंद्रात आलो तेव्हा आम्हाला भाऊंच्या शेजारचं क्वार्टर मिळालं. मी स्टोअरमध्ये, ते इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला. दोन्ही घरांत मिळून एकच भिंत होती, त्यामुळे कोणाकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते दोघांनाही कळे. वहिनी सांगायच्या की एकुलती मुलगी आहे, लग्न होऊन बाहेरगावी असते, जावयाचा धंदा आहे. त्यापुढे बोलणं जात नसे. आम्हीही खोदून विचारलं नाही.

भाऊंना वेड लायटिंगचं. कॉलनीत चौदा एप्रिलला विहारावरची रोषणाई त्यांचीच, गणपतीच्या मांडवावरची त्यांचीच, आणि कोपऱ्यावरच्या केरळी कुटुंबाच्या गॅलरीत डिसेंबरात कागदी चांदणी टांगायलाही शिडी घेऊन तेच. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत राखेची साय धरणारी ती कॉलनी. पण भाऊंनी माळ लावली की दोन दिवस तीसुद्धा नटल्यासारखी दिसायची. स्वतः भाऊ मात्र खाली उभं राहून कधी खूश झाले नाहीत. "तो तिसरा बल्ब मंदा आहे," असं काहीतरी त्यांना दिसायचंच.

मी आल्यावरच्या पहिल्याच डिसेंबरात, चहाच्या सुट्टीत, त्यांनी आम्हाला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. काळंभोर पाणी, आणि त्यावरून एकामागून एक चाललेल्या बोटी. प्रत्येक बोटीवर दिव्यांच्या माळा. डोलकाठीच्या टोकाला चांदणी. कुठेतरी बँड वाजत होता.

"कुठलं हो हे?"

"गोवा. नाताळात करतात. मासेवाल्यांच्या बोटी आहेत ह्या. पाह्य, पान्यावरची लायटिंग! कनेक्शन जनरेटरवर असते. पण अर्थिंग कसं करत अशीन गा?"

अर्थिंगवर दहा मिनिटं चर्चा झाली. भाऊंनी व्हिडिओ पुन्हा लावला आणि एका ठिकाणी थांबवून दोन बोटांनी मोठा केला. एक हिरवी बोट होती. तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, जोड कुठे दिलाय ते शोधताहेत.

"जाऊन पाहा लागते," ते म्हणाले. "गाडीनं. तू, मी, दोघी बायका. यंदा नाही जमणार, पुढच्या डिसेंबरात पक्कं."

तिथून आमच्या दोन्ही घरांत नियोजन सुरू झालं. दिवाळी संपली की भाऊ संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर, आंबोलीचा घाट आणि खाली गोवा. हा रस्ता मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला की डोळे मिटले तरी वळणं दिसू लागली. मोबाइलमधल्या नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. "त्याले खड्डे दिसत नाहीत." त्याऐवजी ते राख भरायला आलेल्या ट्रकवाल्यांना गाठत. टपरीवर त्यांना चहा पाजून विचारत, नांदेडच्या पुढं रस्ता कसा आहे, घाटात धुकं कोणत्या वेळी धरतं, मुक्काम लातूरला बरा की सोलापूरला. त्यातले निम्मे ड्रायव्हर चंद्रपूरच्या पलीकडे कधी गेलेले नसत, पण चहा पिऊन तेही ठामपणे मत देत.

"रेल्वेनं जाऊ ना भाऊ," माझी बायको एकदा म्हणाली. "आरामात झोपून जाता येईल."

"रेल्वेत काय मजा आहे? ते नेईन तिकडं जा लागते," भाऊ म्हणाले आणि विषय संपला.

पहिल्या वर्षी गाडीचा क्लच गेला. दुसऱ्या वर्षी युनिट बंद पडलं आणि भाऊंनी आपणहून सुट्टी रद्द केली. तिसऱ्या वर्षी हिंगण्याला कोण्या चुलत साळ्याच्या मुलाचा साखरपुडा निघाला, ज्याचं नाव वहिनींनाही नीट आठवत नव्हतं. माझ्या बायकोनं समुद्रावर घालायला म्हणून मोठ्या काठाची टोपी घेतली होती. ती टोपी घालून ती गच्चीवर मिरच्या वाळवायची.

खरं सांगायचं तर आम्हाला त्याचं फारसं दुःखही नव्हतं. थंडी पडायला लागली की भाऊ येणार, वहिनी भजी तळून पाठवणार, घाटावरून वाद होणार. गोव्याला न जाण्यातही एक मजा होती. निघायच्या आदल्या दिवशी भाऊ कारण घेऊन दारात उभे राहिले की मी आणि बायको हसू दाबायचो.

मग भाऊ रिटायर झाले. त्यांनी नागपुरात सक्करदऱ्याला तलावाजवळ दोन खोल्यांचं घर आधीच बांधून ठेवलं होतं, तिकडे गेले. योगायोगानं आम्हीही त्याच भागात फ्लॅट घेतला आणि मी कोराडीला जाऊन-येऊन करू लागलो. रिटायर झाल्यावर भाऊंकडे ना शिफ्ट होती, ना युनिट. कारण सांगायला काही उरलं नव्हतं. पण त्या वर्षीही डिसेंबर आला आणि गेला. नाताळच्या दिवशी भाऊ तलावाच्या कठड्यावर एकटे बसलेले मला दिसले. हाक मारली तर म्हणाले, "इथल्या पान्यावर मस्त दिसली असती गा लायटिंग. पन बोटी कुठं आहेत?"

त्याच्या पुढच्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. भाऊ गाडी घेऊन गॅरेजला गेले होते. वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्या बायकोनं सहज विचारलं, "काय मग वहिनी, यंदा तरी गोवा?"

वहिनींनी ताट बाजूला ठेवलं.

"भाऊजी, तुमाले एक सांगू का? तो व्हिडिओ यांच्या फोनवर कोनी पाठवला नाही. माह्या फोनवर आला होता. माह्या पोरीनं पाठवला. ती हिरवी बोट आमच्या जावयाची आहे."

 वहिनी बोलत राहिल्या. मुलगी हॉटेलात नोकरीला म्हणून गोव्याला गेली होती. तिथल्याच एका ख्रिस्ती कोळ्याच्या मुलाशी तिनं लग्न ठरवलं. भांडण असं झालंच नाही. लग्नाला मात्र भाऊ गेले नाहीत. "सुट्टी भेटून नाही राहिली, असं म्हणाले. मीबी नाही गेली. यांच्या संगं राहिली. त्याचा राग माह्यावर माहाच आहे." पुढे मुलगी म्हणाली, आम्ही दोघं नागपूरला येतो. तर भाऊ म्हणाले, आधी आम्ही येऊ, मग तुम्ही या, तीच रीत आहे. तेव्हापासून दर डिसेंबरात ते निघत होते.

"पण मग गाडीच कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"रेल्वेत बसलं तं मधे उतरून वापस येता येत नाही ना भाऊजी. गाडी कुठूनबी फिरवता येते." वहिनी उठल्या, पदर खोचला. "यंदा मी जाऊन राहिली. तुमी गाडी चालवसान का? हे आले तं आले."

भाऊ गॅरेजमधून परत आले तेव्हा वहिनींनी आमच्यासमोरच त्यांना तारीख सांगितली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी कळल्याचं लपवू शकलो नाही आणि त्यांनाही ते दिसलं.

"पहिले टायर..." ते म्हणाले.

"टायर नवे घ्या," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी खरोखरच चारही टायर नवे घातले.

नाताळच्या दोन दिवस आधी सकाळी आम्ही निघालो. मी गाडी चालवत होतो, भाऊ शेजारी, दोघी मागे. डिकीत लाखोळीची डाळ, ज्वारीचे पापड, बोरकूट, आणि मुलीला आवडतो म्हणून डबाभर चिवडा. भाऊंनी इस्त्रीची पँट आणि ऑफिसच्या समारंभाला घालायचे ते काळे बूट घातले होते. वर्ध्यापर्यंत ते मजेत होते. यवतमाळला त्यांना वाटलं, इंजिन गरम होऊन राहिलं. नांदेडच्या अलीकडे त्यांच्या पोटात मुरडा आला. प्रत्येक वेळी मागून वहिनी नुसतं "हूं" म्हणायच्या. त्या "हूं"पुढे पोट बरं व्हायचं आणि इंजिनही थंड व्हायचं.

लातूरला मुक्काम केला. सकाळी अंघोळ करून खाली आलो तर भाऊ लॉजमध्ये नव्हते. गाडी जागेवर होती. मी शोधत शोधत बसस्टँडवर गेलो. नागपूरची पाटी लावलेली बस फलाटाला लागली होती आणि तिच्यासमोरच्या बाकावर भाऊ चहाचा कागदी कप घेऊन बसले होते. बूट चकचकीत पुसलेले. मी शेजारी जाऊन बसलो.

"शिफ्ट नव्हती गा माही," ते म्हणाले. "लग्नाच्या दिवशी."

मी माझ्यासाठीही चहा सांगितला.

"तिचा फोन आला. बाबा, लग्न ठरवलं, अमक्या दिवशी आहे, तुमी दोघं या. सांगितलं तिनं. विचारलं नाही. पोरगा किरिस्ताव आहे, मासे धरते, त्याचं मले काही नाही. पन बापाले एकदा विचारा तं लागते ना? तर म्या म्हटलं, युनिट ओव्हरहॉलले आहे, सुट्टी भेटत नाही. ती म्हणाली, बरं बाबा." भाऊंनी कप बाकावर ठेवला. "बरं म्हणाली गा. भांडली असती, रडली असती, तं म्या उभ्या पायी निघालो असतो. तिनं बरं म्हटलं अन् फोन ठेवला. आता त्या 'बरं'ले काय उत्तर देऊ मी? इतके दिवस तेच शोधून राहिलो."

कंडक्टरनं घंटी दिली. भाऊ बसकडे पाहत होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण ते बरं दिसलं नसतं. एवढंच म्हणालो, "भाऊ, वहिनी खाली आल्या असतील."

बस सुटली. भाऊंनी राहिलेला चहा संपवला आणि माझ्याआधी उठले.

त्यानंतर त्यांनी एकदाही पोट धरलं नाही. सोलापूर गेलं, कोल्हापूर गेलं. तिथला मुक्काम आटोपून सकाळी निघालो, घाट उतरलो आणि हवा दमट झाली, तसं त्यांचं बोलणंच बंद झालं. वहिनी मात्र फोनवर मुलीला सांगत होत्या, "हो वं, बाबा आहेत संगं. आतापर्यंत तं आहेत."

मुलीचं गाव नदी समुद्राला मिळते तिथं. पुलावर गाड्यांची रांग लागली होती आणि आम्ही पोचेपर्यंत दिवे लागले. मुलगी फोनवर म्हणाली, आता घरी येऊ नका, सगळे बोटींवर आहेत, सरळ जेट्टीवर जा, बोटी तिथूनच पुढे चर्चपर्यंत जातात. आम्ही गाडी लावली आणि गर्दीतून वाट काढत धक्क्याच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिलो.

मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला होता, पण त्यातून काही कळलं नव्हतं. बोटी पाण्यातून यायच्या त्या दुप्पट होऊन यायच्या, एक वर आणि एक खाली, आणि खालची थरथरत असायची. पहिल्या बोटीवर बँड होता. दुसरीवर गाईगोठ्याचा देखावा. काठावरची पोरं शिट्ट्या मारत होती. माझी बायको ती मोठी टोपी हातात घेऊन नुसती पाहत होती. मी भाऊंकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून "बाप्पा!" एवढंच निघालं. त्यात मंदा बल्ब कोणता, ते त्यांना त्या दिवशी दिसलं नाही.

मग हिरवी बोट आली. तिचा पुढचा अर्धा भाग झगमगत होता आणि मागचा अर्धा अंधारात होता. मागचे दिवे मधूनच लागत, फडफडत आणि जात. बोटीवर एक उंच तरुण वायरी चाचपत होता. त्याच्याजवळ निळी साडी नेसलेली एक बाई उभी होती. वहिनींनी माझ्या बायकोचा दंड घट्ट धरला.

बोट पायऱ्यांच्या जवळून पुढे निघाली. आणि भाऊ, जे घाट उतरल्यापासून त्या एका "बाप्पा"शिवाय काही बोलले नव्हते, ते सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "न्यूट्रल लूज आहे! मागचा जोड पाह्य वं, न्यूट्रल!"

निळ्या साडीतल्या बाईनं वळून पाहिलं. एवढ्या माणसांत तिला आवाजाची दिशा बरोबर कळली.  मग तिकडून तेवढाच मोठा आवाज आला.

"तुमीच येऊन पाहा ना मंग!"

त्यात राग होता, आणि आणखीही काय काय होतं. जावयानं बोट मागे घेतली आणि पायऱ्यांना लावली. भाऊंनी काळे बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले. टॉर्च धरायला मला ओढलं. वहिनींना आणि माझ्या बायकोला चार हातांनी वर घेतलं. भाऊ मुलीच्या अगदी समोरून गेले, पण तिच्याकडे न बघता सरळ मागच्या टोकाला. जनरेटर बंद करायला लावला, जोड सोडून पाहिला. तार गंजली होती. दातांनी सोलून त्यांनी ती पुन्हा पिळली. चिकटपट्टी मागितली तर ती कोणाकडेच नव्हती. जनरेटर चालू झाला, दिवे लागले, बोट हलली आणि इंजिनच्या थरथरीनं जोड पुन्हा सैल झाला.

"हातमोजे आहेत का रबराचे?" भाऊंनी विचारलं. कोळ्यांकडे ते असणारच. जावयानं आपले कोपरापर्यंतचे पिवळे हातमोजे दिले. भाऊंनी ते घातले, जोड वर धरून दोन्ही मुठींत दाबला आणि बोटीच्या मागच्या टोकाला हात उंचावून उभे राहिले. सगळी बोट उजळली. काठावरून टाळ्या झाल्या. "हे असं कोनी करू नये," मला ते तेवढ्यातही म्हणाले.

चर्चपर्यंत पाऊण तास लागतो. तेवढा वेळ भाऊंनी हात खाली घेतले नाहीत. घेतले असते तर अर्धी बोट अंधारात गेली असती. मुलगी हळूहळू मागे येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.  भाऊंच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि कदाचित तो घामच नव्हता. मुलीनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

"जेवले का बाबा?"

"बोलू नको वं," भाऊ म्हणाले, "हात हालते."

मी टॉर्च बंद केला आणि वहिनींजवळ जाऊन बसलो.

इथं ही गोष्ट संपली असती तर बरं दिसलं असतं, पण तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. मुलगी कपांत चहा ओतत होती. ओतता ओतताच ती म्हणाली, "बाबा, माह्या लग्नाच्या आठवड्यात तुमची दुपारची शिफ्ट होती. अन् लग्नाच्या दिवशी वीकली ऑफ."

भाऊंचा हात कपावरच थांबला.

"मले तुमचं रोटेशन लहानपणापासून पाठ आहे. तुमची नाइट असली की आमाले दिवसा घरात आवाज करता येत नव्हता. मी चौथीत होती तेव्हापासून मोजून ठेवत होती."

"मंग तवाच काहून नाही बोलून दाखवलं?"

"लग्नाच्या तोंडावर बापाले खोटं पाडू का?"

भाऊ उठले आणि जेट्टीकडे निघून गेले. दुपारचं जेवण झालं तरी आले नाहीत. जावई बोलवायला निघाला, तर मुलीनं त्याला थांबवलं आणि स्वतः ताट वाढून घेऊन गेली. ओसरीवरून ती दोघं दिसत होती. भाऊ बोटीच्या कडेला बसून खाली मान घालून जेवत होते आणि ती बोलत होती. बराच वेळ तीच बोलत होती. शेवटी भाऊंनी मान वर केली आणि काहीतरी म्हणाले. काय ते मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ऊन उतरल्यावर दोघं परत आली तेव्हा रिकामं ताट भाऊंच्या हातात होतं.

पुढची काही वर्षं डिसेंबर लागला की भाऊ आणि वहिनी गोव्याला जात. रेल्वेनं. गाडीला कोणी विचारलंसुद्धा नाही. भाऊ आधीच जाऊन त्या गावातल्या सगळ्या बोटींच्या माळा तपासत, जोड नव्यानं देत. जावई कोकणी बोलायचा आणि भाऊ आपली नागपुरी, पण वायरीबद्दल बोलायचं असलं की दोघांचं छान जमायचं. उन्हाळ्यात मुलगी-जावई सक्करदऱ्याला येत. जावयाला आमचं ऊन सोसायचं नाही, तो दिवसभर कूलरसमोरून हलायचा नाही. भाऊ त्याला कौतुकानं म्हणायचे, "पान्यातला जीव आहे गा."

मागच्या पोळ्याच्या सुमारास भाऊ दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मुलगी विमानानं आली. तिनं सगळं शांतपणे केलं. वहिनींना आपल्याबरोबर घेऊन गेली.

डिसेंबरात वहिनींचा फोन आला, "भाऊजी, या." आम्ही दोघं तोच रस्ता धरून गेलो.  यवतमाळ, नांदेड, लातूर. शेजारची सीट रिकामी ठेवून माझी बायको मागेच बसली होती.

जावयानं ठरवलं होतं की यंदा आपली बोट काढायची नाही. मुलीलाही तेच वाटत होतं. वहिनी ऐकेनात. "बोट न्या," त्या म्हणाल्या. "लायटिंग नका लावू, पन बोट न्या." म्हणून सगळ्या बोटी पुढे गेल्यावर, रांगेच्या अगदी शेवटी आमची बोट निघाली. तिच्यावर एकही दिवा नव्हता. आम्ही पाचजण फळ्यांवर बसलो होतो.

काठावर माणसं होती. शेवटची झगमगती बोट गेली तशी ती उठून जायला लागली होती. मागून ही अंधारी बोट येताना दिसली तेव्हा ती थांबली. भाऊ गेल्याचं गावात बहुतेकांना माहीत होतं. कोणी टाळी वाजवली नाही, शिट्टी मारली नाही. म्हातारे टोप्या काढून उभे राहिले.

अंधारातून पुढची सगळी रांग दिसत होती. इतक्या बोटी, इतके दिवे. मुलगी पुढे बसली होती. आईचा हात तिच्या मांडीवर होता. हळूहळू एकेक बोट वळणावर दिसेनाशी झाली. बँडचा आवाजही पलीकडे गेला. जावयानं इंजिन बंद केलं. भरतीची वेळ होती. बोट थांबली नाही, पाण्यावर सावकाश पुढे जात राहिली.